खडकमाळची शेड

वडपे, ता. भिवंडी
१९ नोव्हेंबर २०२४

ती. वैशालीताईंस,
सुकन्याचा नमस्कार.

पेणला तुम्ही सगळे बरे असाल. उन्नतीचे पुढचे दोन दात पडलेत, शाळेत मुलं चिडवतात. घरामागं आणखी एक गोडाऊन उभं राहतंय. दिवसभर ट्रेलर आणि धूळ, कपडे वाळत घालायची सोय राहिली नाही.

तुम्ही माझा फोन घेत नाही, म्हणून पत्र धनेशभावजींच्या हाती पाठवतेय. दीपेशला जाताना मी अडवलं नाही, हा तुमचा राग मला कळतो. पण वाचून होईपर्यंत भावजींना काही विचारू नका.

बाबांबद्दल लिहायचंय. दीपेश घाटमाथ्यानं नाशिकहून साताऱ्याकडे एकटा चालत निघाला, तेव्हा त्याचा शेवटचा फोन खडकमाळच्या शेडवरून आला होता. जानेवारीपासून बाबा सारखे तिथं जाऊन राहतात. पावसाळ्यातही गेले. या खेपेला मीही गेले.

मला वाटायचं, निदान खोली तरी असेल. तीन बाजूंना रचलेले दगड आणि वर पत्रे, बस. दार नाही. जमिनीवर शेळ्यांच्या लेंड्या. बाबांनी घरच्यासारखं झाडून काढलं, टाक्यातून पाणी आणलं, चूल पेटवली. भाकऱ्या भाजल्या आणि एक ताटाखाली झाकून ठेवली. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी पुण्याची दोन पोरं आली, एक मुलगा, एक मुलगी. बाबा लगबगीनं पुढं झाले. "वाटंत कोन एकटा पोरगा दिसला का? निळी सॅक हाय त्याची."

मुलगी म्हणाली, "नाही आजोबा." नंतर त्यांनी तंबू लांब नेऊन लावला.

रात्री वारा पत्र्याखाली शिरला की सगळी शेड हलायची. जरा खुट्ट झालं की बाबा उठून बाहेर बॅटरी मारायचे, "कोन हाय?" मी घोंगडी तोंडावर ओढून पडून राहिले. घरी आल्यावर हाच माणूस आम्हाला सांगतो, वर झोप छान लागते.

ताई, मी सोबत म्हणून गेले नव्हते. दिवाळीआधी शेडखालच्या दरीत लाकूडतोड्यांना हाडं सापडली होती. पोलिसांनी तपासणीला उन्नतीचं रक्त मागितलं. शाळेची तपासणी आहे, असं मी घरात सांगितलं. मागच्या आठवड्यात फोन आला. जुळलं. आपला दीपेशच आहे तो.

घरात बाबांना सांगायला तोंड उघडेना. वाटलं, तिथं जमेल. सकाळी ते ताट घासत होते. मी म्हटलं, "बाबा, दीपेश सापडला."

ते ताट टाकून उभे राहिले. "कुठं हाय? चालतो ना?"

मी असं कसं बोलले, ताई? पुढचं सांगताना त्यांचा चेहरा बघवेना. सगळं ऐकून ते दगडाला टेकून बसले. मग म्हणाले, "पोलिस कायबी सांगतात. तू जा घरी. तो आला, न् हितं कोनी न्हाय असं व्हायला नको."

मी पाय धरले, हाताला धरून ओढलं. त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली. उन्नती शेजारी ठेवलेली होती, म्हणून दुपारी एकटीच उतरले. काल धनेशभावजी वर जाऊन आले. बाबा त्यांच्याबरोबरही उतरले नाहीत. नेलेला डबाही उघडला नाही.

दीपेशला ताब्यात घ्यायला पोलिस बोलावतायत. पण बाप त्याची वाट बघत डोंगरावर बसलेला असताना मी त्याला अग्नी कसा देऊ?

माझ्यावरचा राग जन्मभर धरा. फक्त एकदा वर चला. तुमच्या सांगण्यानंही ते उतरतील असं मला खरंच वाटत नाही. पण ती चढण आता माझ्याच्यानं एकटीनं होणार नाही.

धनेशभावजी सोडून इथं अजून कुणाला माहीत नाही. उन्नतीलाही नाही.

कपाळावर अजून कुंकू असलेली,
तुमची भावजय,
सुकन्या