मागच्या फळीपासून पाण्यापर्यंत

४ फेब्रुवारी, रविवार
वारा पडला. साडेतीन तास एकाच जागी. ही पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्या होडीत बसली आणि नेमका आजच वारा पडला. शेवटी फेरीबोटवाल्याने दोर टाकून ओढत आणलं. त्याच्या बोटीतली सगळी माणसं एका बाजूला येऊन आमच्याकडे बघत होती. मी नकाशा वाचत असल्यासारखं केलं. नकाशा उलटा होता, असं हिने घरी आल्यावर सांगितलं.
शिडाच्या होडीला मोटर लावणं म्हणजे पोहणाऱ्याने पाठीला डबा बांधणं, हे माझं मत धक्क्यावर सर्वांना ठाऊक आहे. फार वेळा सांगितलंय.

५ फेब्रुवारी, सोमवार
ही म्हणाली, मोटर बसवा, मग आणखी एकदा येईन. एकदाच. पुन्हा असा तमाशा झाला तर मी होडीत पाय ठेवायची नाही आणि तुम्हीही मला विचारायचं नाही.
मान्य. मत बदलणं हे अभ्यासू माणसाचं लक्षण आहे.

७ फेब्रुवारी, बुधवार
तक्ता तयार. अकरा मोटरी, नऊ रकाने, तीन रंगांची पेनं. निर्णय: चार हॉर्सपॉवर. राहिला प्रश्न शाफ्टचा, म्हणजे मोटर वर आणि पंखा खाली, त्यांच्यामधल्या दांड्याचा. आखूड की लांब? लोक अंदाजपंचे घेतात. मी मोजणार.

८ फेब्रुवारी, सकाळी ७
मोजलं. होडीत अगदी मागे बसून, वाकून, टेप सोडून. मोटर जिथे अडकवायची त्या मागच्या फळीपासून पाण्यापर्यंत नऊ इंच. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा नऊ. आखूड शाफ्ट पंधरा इंचांचा, म्हणजे पंखा सहा इंच पाण्यात. पुष्कळ झालं. लांब शाफ्ट म्हणजे उगाच ओझं.

९ फेब्रुवारी, शुक्रवार
दुकानातले मिस्त्री म्हणाले, शिडाच्या होडीला लांबच घ्या साहेब. मी नऊ इंच सांगितलं. त्यांनी विचारलं, मोजताना होडीत कोण होतं? म्हटलं, मी एकटाच, दुसऱ्याच्या मोजमापावर माझा विश्वास नाही. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि गालातल्या गालात हसले.
चार गिऱ्हाइकांसमोर सुनावलं: मिस्त्री, तुम्ही सवयीने बोलता, मी टेपने बोलतो. त्यांनी मुकाट्याने आखूड मोटर बांधून दिली.
जरा जास्त बोललो. पण मुद्दा बरोबर होता.

१० फेब्रुवारी, शनिवार
मोटर बसवली. दोरी ओढून चालू करायची असते. एकोणिसाव्या ओढीला झाली. पेट्रोलचा कॉक बंद होता. तो आधी उघडावा असं कुठेही लिहिलेलं नाही. (लिहिलं आहे. पुस्तिका, पान दोन.) एकट्याने तीन चकरा मारल्या. पंखा पाण्यात, सहा इंच. मिस्त्रींना बघायला बोलवायला हवं होतं.

११ फेब्रुवारी, रविवार
लिहिण्यासारखं काही नाही.

१२ फेब्रुवारी, सोमवार
आहे.
काल ही आली होती. जाताना सगळं छान. हिने आपणहून पाण्यात हात घातला, हसली. परत येताना, धक्का वीस हातांवर असताना, हिला म्हटलं, पुढच्या टोकाला जा आणि दोर धर. गेली. दोर चुकीचा धरला. बरोबर कसा धरायचा ते दाखवायला मी उठून पुढे गेलो. तेवढ्यात मागे मोटर किंचाळली. पंखा हवेत, नुसता गरगरतोय. होडी आडवी फिरली, समोर दगडी धक्का. हिने हात पुढे करून होडी अडवली. डावा तळवा सोलवटला.
आणि मी ओरडलो. पुढे कशाला कडमडलीस, तुझ्या वजनाने मागची बाजू उचलली! धक्क्यावर दहाबारा माणसं. फेरीबोटवाला म्हणाला, अहो, तुम्हीच पाठवलंत की वहिनींना.
घरी आलो. पट्टी मी बांधतो म्हटलं, तर उजव्या हाताने आणि दातांनी स्वतःच बांधली.
निश्चय: यापुढे आवाज चढवायचा नाही.

१४ फेब्रुवारी, सकाळी ६.३०
हिच्या वजनानेच झालं हे आकड्यांत दाखवावं म्हणून पुन्हा मोजायला गेलो. या वेळी होडी रिकामी, मी धक्क्यावर पालथा. साडेबारा इंच. टेप तपासली. टेप बरोबर. होडीत मागे जाऊन बसलो: नऊ. उठून पुढच्या टोकाला गेलो, कडेवरून बाहेर वाकून मागे पाहिलं. पंखा पाण्याबाहेर दिसला.
हिचं वजन बावन्न किलो. माझं चौऱ्याण्णव. हा रकाना तक्त्यात नव्हता.

१५ फेब्रुवारी, गुरुवार
निश्चय. एक, हिची माफी मागायची. दोन, मिस्त्रींची, तीही गिऱ्हाइकांसमोर. आज हिचं डोकं दुखत होतं. अशा वेळी विषय काढणं बरं नव्हे.

१७ फेब्रुवारी, शनिवार
दुकानात गेलो. वाक्य पाठ केलं होतं. मिस्त्रींनी विचारलं, काय झालं साहेब? तोंडातून आलं, घरच्यांनी मोजण्यात गफलत केली. घरच्यांनी! मिस्त्री म्हणाले, होतं असं, सोमवारी मोटर घेऊन या, बदलून देतो.
आत फळीवर एक लांब शाफ्टची मोटर वेगळी ठेवलेली दिसली. वर चिठ्ठी: नऊ इंचवाले साहेब. खाली तारीख, ९ फेब्रुवारी.

१९ फेब्रुवारी, सोमवार
ही म्हणाली, मीही येते, शेजारच्या दुकानातून मलम घ्यायचंय. नको म्हणायला कारण सुचलं नाही. मिस्त्रींनी हिची पट्टी पाहिली आणि विचारलं, वहिनी, मोजायला तुम्ही होतात म्हणे? मी भिंतीवर टांगलेले स्पार्क प्लग मोजू लागलो. चौदा.
हिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, हो भाऊ, माझंच चुकलं.
मिस्त्री खाली बघून स्क्रू पिळत राहिले. मी एकटाच होतो, असं याच दुकानात मी छाती काढून सांगितलं होतं, हे मला रस्त्यात आठवलं. त्यांना तिथेच आठवलं असणार.

२५ फेब्रुवारी, रविवार
मी विचारलं नव्हतं, तरी ही आली. मोटर चालवायला शिकून आली. मिस्त्रींकडून, गुरुवारी, अर्ध्या तासात. मला म्हणाली, तुम्ही पुढे बसा, दोर धरा. दुसऱ्या ओढीला मोटर चालू. चौऱ्याण्णव किलो पुढच्या टोकाला, तरी पंखा पाण्यात. धक्क्याला लागताना दोर मी चुकीचा धरला. ही ओरडली नाही.
मधे एकदा, चुकलं माझं, असं म्हणालो. मोटरच्या आवाजात तिला ऐकू गेलं नसावं. आवाज चढवायचा नाही असा निश्चय आहे.
संध्याकाळी मिस्त्रींना खरं काय ते सांगायला दुकानापर्यंत चालत गेलो. रविवारी दुकान बंद असतं. निघतानाच मला ते माहीत होतं.