तुझं पहिलं इंग्रजी वाक्य

कोल्हापूर,
१३ नोव्हेंबर १९८१

प्रिय ईरप्पा,

तुझं नाव लिहून दोन दिवस कागद तसाच ठेवला होता. आज जुम्म्याची नमाज झाली, मन जरा थाऱ्यावर आलं, म्हणून बसलो. तू विलायतेला गेल्यापासूनचं हे माझं तिसरं पत्र. पहिली दोन लग्नाची आणि मयताची होती. हे कशाचं, ते शेवटी तूच ठरव.

तुझी कादंबरी माझ्या पुस्तकबांधणीच्या दुकानात आली ती शिवण सुटून. इथल्या कॉलेजात एम.ए.च्या वर्गाला लावली आहे, आणि एका प्रतीवर सगळी पोरं तुटून पडतात. पुठ्ठा उलटून बघतो तर मागं तुझा फोटो. केस पिकले, पण हनुवटी वर करून बघायची खोड तीच. मी दुकानातल्या पोरांना सांगितलं, हा माझ्या बाकावरचा. कुणाला खरं वाटलं नाही.

प्रत बांधून परत केली. पुढं माझी मुलगी मलिका, ती त्याच वर्गात आहे, लायब्ररीच्या कार्डावर तीच प्रत घरी आणायची आणि मी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायचो. तीन महिने लागले. नदी तू फार चांगली लिहिली आहेस. पुराचं पाणी उतरल्यावर उसाच्या पानांवर राहणारा चिखलाचा पट्टा वाचला आणि मी पुस्तक मिटलं. पण भाकरी म्हणजे काय हे तू अर्धं पान समजावतोस. तिथं मला कळलं, की ही गोष्ट तू मला सांगत नाहीस. दिवाणखान्यात पाहुण्यांना सांगतोयस, आणि मी शेजारच्या खोलीतून ऐकतोय.

मग तो पिंजारी आला. नाव तू बदललं आहेस, पण डावा पाय ओढत चालणं, खांद्यावर कापूस पिंजायची कमान, दाराशी आल्यावर हाक न मारता तार छेडून आपण आल्याचं कळवणं, हे सगळं माझ्या अब्बांचं आहे. नदीकाठी गोरा साहेब त्याच्या हातावर नाणं ठेवतो, आणि तो सांगतो, की बेचाळीसच्या चळवळीतला फरारी कुणाच्या माळ्यावर लपला आहे. ईरप्पा, आपल्या गावात गोरा माणूस कधी आलाच नाही रे.

तुला दोष कसा देऊ? सारा गाव तेच म्हणत होता. तुझ्या चनबसाप्पामामांना पोलिसांनी तुमच्या माळ्यावरून नेलं, त्याच्या आदल्या दिवशी अब्बा तुमच्याच सोप्यात गाद्यांचा कापूस पिंजत होते. ‘गैबीनं कापसासंगं घरबी पिंजलं’ असं लोक अब्बांच्या तोंडावर बोलले. मोहरमात पिराच्या सवारीला पहिली घागर तुमच्या घरची असायची, ती त्या साली आली नाही. मामा तुरुंगातून खोकला घेऊनच सुटले आणि वर्षात गेले. त्यांच्या मातीला अब्बा वेशीपर्यंत गेले आणि तिथूनच परत फिरले. मग आम्ही गाव सोडलं. अब्बा इथं गाद्या भरत राहिले, मी खळीच्या डब्याशी बसलो.

आता मी लिहितो ते एकोणचाळीस वर्षं माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही.

तुझ्या पुस्तकात लाल-निळी पेन्सिल आहे. शाळेत बक्षीस मिळालेली, तू मधोमध कापून निळा तुकडा मित्राला दिलास ती. वाचताना डोळ्यांत पाणी आलं. पण ती कशाबद्दल मिळाली ते तू लिहिलेलं नाहीस. मला वाटतं तुला आठवतच नाही. दिपोटीसाहेब शाळा तपासायला आले होते. आपल्यातलेच होते, टोपी तेवढी विलायती. मास्तरांनी हौसेनं आपल्याला इंग्रजी शिकवलं होतं. साहेब म्हणाले, पुस्तकातलं नको, स्वतःच्या मनानं एक वाक्य कुणी बोलेल का? सगळ्या वर्गाची मान खाली. तू एकटा उठलास. तू बोललास, साहेबांनी हसून आणखी दोन प्रश्न विचारले, तू त्यांचीही उत्तरं दिलीस आणि साहेबांनी ती पेन्सिल तुझ्या हातात ठेवली. मला त्यातला ‘अंकल’ एवढाच शब्द कळला. घरी येताना तूच छाती काढून अर्थ सांगितलास: आमचे मामा माळ्यावर झोपतात, ते दिवसा बाहेर येत नाहीत.

तिसऱ्या दिवशी पोलीस आले ते इकडंतिकडं न बघता सरळ शिडीला लागले.

मी हे फक्त अब्बांना सांगितलं. ते कितीतरी वेळ कमानीची तार पुसत राहिले. मग मला पिराच्या चौथऱ्याशी नेलं, दगडावर हात ठेवायला लावला आणि म्हणाले, “पोराच्या तोंडातनं गेलं. त्येला कळलं तर त्यो जलमभर बोलायचा न्हाय. माझं काय, मी म्हातारा हाय.” तेव्हा ते चाळिशीचेही नव्हते.

मलिका पुस्तकात अब्बांना ओळखत नाही. ती जन्मायच्या आधीच ते गेले. तिला आजोबा म्हणजे कोल्हापुरात गाद्या भरणारे एवढंच ठाऊक. तिनं तुझ्या पिंजाऱ्यावर इंग्रजीत निबंध लिहिला आहे. परक्याचं राज्य गरिबाच्या मनात शिरलं, की तो आपलंच माणूस कसं विकतो, असा त्याचा विषय. तो पहिला आला. डिसेंबरात तू कॉलेजात येशील तेव्हा तुझ्यासमोर ती तो वाचणार आहे. मला समजावून सांगताना तिचे डोळे चमकत होते. मी म्हणालो, चांगलं लिहिलंस.

खोटं कशाला बोलू, प्रत बांधायला आलेली असताना पिंजाऱ्याची ती सोळा पानं वाचनात आली असती, तर तो फर्मा मी शिवणीतून वगळला असता. अल्लानं तेवढ्यापुरता मला इंग्रजीत कच्चा ठेवला.

अम्मी पंचाहत्तरीला आली आहे. ईरप्पाच्या पुस्तकात पिंजारी आहे हे मलिकाकडून कळल्यावर तिनं मला जवळ बोलावून हळूच विचारलं, “बरा दावलाय का त्येला?” मी व्हय म्हणालो. ती म्हणाली, “मग ईरप्पानं माफ केलं म्हणायचं.” त्या क्षणी मला समजलं, की इतकी वर्षं तीही गावाचंच खरं मानून अब्बांशी संसार करत आली. तिनं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

म्हणून हे पत्र. तू दहा वर्षांचा होतास, ईरप्पा. तुझ्यावर बोट ठेवायला मी लिहीत नाही. पुस्तक बदल असंही म्हणत नाही. आपल्या घरातली गोष्ट तू परक्या भाषेत सांगितलीस ती ही दुसरी वेळ, आणि दोन्ही वेळा तुझ्या मनात पाप नव्हतं. एवढंच मागतो, सभेच्या आदल्या दिवशी आमच्याकडे ये. अम्मी आणि मलिका दोघी घरी असतील. त्यांच्यासमोर ते वाक्य एकदा मराठीत बोल. नाही जमलं, तरी मी समजेन. तसं झालं तर मलिका आपला निबंध आहे तसाच वाचेल, आणि मी मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवीन. दगडावर हात ठेवून घेतलेली शपथ मी तुझ्यापुरती मोडली आहे. आणखी कुणापाशी मोडणार नाही.

तुझाच, एका बाकावरचा,
शमशुद्दीन