शंभूच्या मनाचा व्यायाम

६ जानेवारी १९९७, सातारा
सांगलीच्या डॉक्टर श्रद्धाताईंनी धाकट्या भावाला मनाचा व्यायाम दिला. शंभूला आवाज ऐकू येतात, लोक आपल्यावर हसतात असं वाटतं, मग संताप. गोळ्या चालूच. आता रोज अर्धा तास सराव: संताप आला की थांबायचं आणि घडल्या गोष्टीचा दुसरा अर्थ त्यानं स्वतः शोधायचा. मला म्हणाल्या, तुम्ही फक्त विचारा, उत्तर देऊ नका.
बाई हुशार, पण वय लहान. जिल्हाभर सभा जिंकल्या मी. एका भावाचं मन वळणार नाही? दोन महिने पुरेत.

८ जानेवारी
शंभू म्हणाला, पेपरवाला मला बघून हसला. दुसरा अर्थ काय, विचारलं. विचारात पडला. फार वेळ लावला. शेवटी मीच सात अर्थ सांगितले, दाखल्यांसह. पेपर घडी करून आत गेला. उत्तम सुरुवात.

१९ जानेवारी
शंभू म्हणाला, "दादा, जरा हळू बोल की." मी हळूच बोलत होतो. शेजारच्या मनुबाई खिडकीतून म्हणाल्या, "आवं, घरात सभा हाय व्हय?" बाईंना समज कमी.
संकल्प: उद्यापासून फक्त प्रश्न.

२० जानेवारी
एकच प्रश्न विचारला. पाऊण तास चालला.

११ फेब्रुवारी
चार दिवसांत शंभूची एकही तक्रार नाही. संताप नाही. बोलणंही नाही. जेवण निम्म्यावर, पोट बिघडलं असावं. डॉक्टरांना पत्र टाकलं: प्रगती थक्क करणारी.

२ मार्च
आष्ट्याहून बहीण आली, विजयमाला. शंभू स्वयंपाकघरात तिच्याशी तासभर बोलत होता. हसलासुद्धा. मी आत गेलो, थांबला.
नंतर अंगणात ती म्हणाली, "दादा, त्येला आवाज अजून येत्यात. तुला सांगत न्हाई. सांगितलं की दादा मला वादात हरवतोय, असं म्हणतो."
मी म्हणालो, हरवत नाही, पटवतो. ती आत निघून गेली.

३ मार्च
विजया त्याला आष्ट्याला नेते म्हणते. तिथून सांगली जवळ, दवाखाना सोयीचा. माझ्याकडे याविरुद्ध पाच मुद्दे होते. एकही मांडला नाही. शंभूला विचारलं, काय करतोस? आणि थांबलो. खरंच थांबलो.
खाली बघत म्हणाला, "आक्काकडं जातो."

४ मार्च
स्टँडवर दोघांना बसवून दिलं. शंभूनं खिडकीतून हात हलवला.
संध्याकाळचं व्याख्यान रद्द केलं. घसा बसला, असं कळवलं.