उजवा कौल

आई, छातीतली गाठ तू मला पहिल्यांदा दाखवलीस ती स्वयंपाकघरात, फणसाच्या आठळ्या सोलता सोलता. मी तेव्हा बी.एड. करत होते आणि जगातलं सगळं मलाच कळत होतं. डॉक्टरकडे चल म्हणून तुझ्या मागे लागले, तर तू संगमेश्वरजवळच्या आपल्या गावी जाऊन देवीला कौल लावून आलीस. गुरवाने मूर्तीला ओल्या कळ्या चिकटवल्या, उजवीकडची आधी पडली, म्हणजे भिण्यासारखं काही नाही. "उजवा दिलान गो देवीने, आता कशाला हवाय डॉक्टर?" तुझा चेहरा इतका निवांत होता की मला रागच आला. "कळीला काय कळतं?" मी ओरडले. तू आठळ्या उकडायला ठेवल्यास. पावसाळा संपेपर्यंत थांबलीस, आणि मग फार उशीर झाला होता.

तू गेलीस त्या वयाची मी आता आहे. रत्नागिरीत शाळेत विज्ञान शिकवते. पुण्यात नोकरी करणाऱ्या तुझ्या नातीने घरच्या घरी जनुकं तपासायचं किट हौसेने कुरियरने पाठवलं. नळीत थुंकायचं आणि परत धाडायचं, एवढंच. थुंकताना आम्ही दोघी व्हिडिओ कॉलवर खिदळत होतो. गेल्या सोमवारी मोबाइलवर रिपोर्ट आला. स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा दोष माझ्यात दिसतोय, तो मुलांमध्येही असू शकतो, डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. मी तो इतक्यांदा वाचला की पाठ झालाय. मला भीती वाटते गं. आंघोळीला छातीवरून साबण भराभर फिरवते, बोटं कुठे थांबू देत नाही. पोरगी रोज फोनवर विचारते, "मम्मी, रिपोर्ट आला का?" मी म्हणते, अजून नाही.

काल रविवार होता. घरात कुणाला न सांगता एसटीने गावी गेले. गुरव आता त्या जुन्या गुरवाचा मुलगा आहे. पोरीला सांगायची गरज नसेल तर उजवा दे, असं मनात म्हणून हात जोडले. डावी कळी पडली. "डावा दिलान, बाई," तो म्हणाला. मी म्हटलं, नीट चिकटली नसेल, पुन्हा लावा. पुन्हा डावाच. तिसऱ्यांदा उजवा पडला तेव्हा मी थांबले, आणि माझा चेहरा अगदी तुझ्यासारखा निवांत झाला असणार.

हे पत्र कुठेच पाठवायचं नाही, म्हणून लिहू शकते. तू निदान एकदाच विचारलं होतंस.