शंखाखालचं कात्रण

गुरुजी, तुम्ही रामेश्वरहून आणलेला तो टोकदार शंख अजून माझ्या टेबलावर आहे. समुद्र तुम्ही जन्मात एकदाच पाहिलात आणि परतल्यावर "खारट आहे" एवढाच अभिप्राय दिलात. पंख्यानं पोथीची पानं उडू नयेत म्हणून शंख मला दिलात. त्यात राहणारी गोगलगाय विषारी असते, हे ना तुम्हांला ठाऊक होतं, ना मला. एका दंशात मासा जागीच थिजतो म्हणे. आता त्याच विषातून कर्करोगावर औषध निघेल का, हे तपासताहेत. वर्तमानपत्रातलं कात्रण मी शंखाखालीच ठेवलंय.

कारण हिच्या छातीत गाठ निघाली. तुकडा तपासायला दिलाय, रिपोर्ट मंगळवारी. तोवर मी घरातले नळ घट्ट करत फिरतो. अख्ख्या प्रताप नगरात इतके कोरडे नळ कुणाचे नसतील.

परवा भेंडी चिरता चिरता ही म्हणाली, "काय वाचून राहिले जी? मलेही सांगा." मी मोठ्यानं वाचलं : विषातल्या काही घटकांनी कर्करोगाच्या पेशी मारल्या. आणि थांबलो. पुढे होतं की हे सगळं प्रयोगशाळेत, काचेच्या बशीत. माणसाच्या औषधापर्यंतची वाट फार लांब आहे. मी चष्मा पुसायला घेतला.

सावनेरच्या वर्गात मी श्लोकाची पहिली ओळ वाचून ऐटीत अर्थ सांगितला होता, आणि दुसरीनं तो पार उलटवला. "काहून रे, अर्ध्या ताटावरून उठून राहिला?" तुम्ही म्हणालात. वर्ग हसला. मग तोच श्लोक तुम्ही मला पन्नासदा लिहायला लावलात. उपयोग झालेला दिसत नाही.

ही हसली नाही. विळी आडवी करून म्हणाली, "बाकीचं म्या सकाळीच वाचलं, टेबल पुसताना. आता रिपोर्ट तरी पुरा वाचजा."

वर "रिपोर्ट मंगळवारी" लिहिलं, ते खोटं नाही. फक्त मंगळवार आजच आहे, हे लिहायचं राहिलं. पाकीट सकाळीच आणलं. ते शंखाखाली आहे, न उघडलेलं. स्वयंपाकघरातून हिनं दोनदा विचारलं, "आणला काय जी?"

दोन्ही वेळा मी म्हणालो, "पत्र लिहून राहिलो."