कृपया अपडेट करून घ्यावे

22 नोव्हेंबर 2018, गुरुवार
कालच्या नोंदीत चूक आहे. शेषेराव सरांनी मला स्टेपलर फेकून मारला असं लिहिलं. त्यांनी तो माझ्या साहेबांना, मन्मथ सरांना मारला होता, मी मध्ये आले. शिवाय तो स्टेपलर नव्हता, पंचिंग मशीन होतं. शाळेत जायच्या आधी अब्बांनी घरी पाटीवर शिकवलं, तेव्हाचा नियम: चूक पुसायची नाही, खाली खरं लिहायचं. पुसली की छडी. कपाळाला टाके पडले, ते मात्र बरोबर लिहिलं होतं.

प्रकरण असं. आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर लातूरच्या बऱ्याच कोचिंग क्लासेसमध्ये आहे. हजेरी, फी, टेस्ट. दर महिन्याला सुरक्षेचं अपडेट निघतं. ते ग्राहकांना कळवणं हे माझं काम. शेषेराव सरांच्या फिजिक्स क्लासमध्ये ते ऐन टेस्टमध्ये सुरू झालं आणि सगळे कॉम्प्युटर बंद पडले. सर म्हणाले, सांगितलं का न्हाई? मी सांगितलं होतं. ई-मेलच्या नवव्या पानावर स्पष्ट आहे. सर म्हणाले, नववं पान वाचायला तुझा बाप येणार हाय का? मग पंचिंग मशीन.

आज त्यांना सुधारित ई-मेल पाठवला. शंका राहू नये म्हणून थोडा वाढवला. उत्तर नाही. वाचत असतील.

24 नोव्हेंबर, शनिवार
दीपाली नावाची मुलगी ऑफिसात आली. शेषेराव सरांची रिपीटर बॅच, गाव चाकूर. हे वर्ष तिनं घरी भांडून मिळवलंय. कोणी तरी रोज फोन करतो. हॉस्टेलची खोली, आईचं नाव, अंगावर कुठला ड्रेस, सगळं सांगतो. तपासलं. आमच्याच सॉफ्टवेअरला भगदाड आहे. क्लासच्या वेबसाइटवर रोल नंबर टाकला की फोटो, पत्ता, फोन बाहेर.

दीपाली म्हणाली, ताई, घरी कळू देऊ नका. बाबा पहिलं त्याला तोडतील, मग मला घेऊन जातील. शिक्षण खलास. मी शब्द दिला: तुझं नाव कुठेही येणार नाही.

26 नोव्हेंबर, सोमवार
मन्मथ सरांनी भगदाड बुजवणारं अपडेट तयार केलं. क्लासवाल्यांनी फक्त एक बटन दाबायचं. म्हणजे आता सगळं माझ्या सूचनेवर आहे. निश्चय: आजच लिहिणार.

29 नोव्हेंबर, गुरुवार
मन्मथ सर ओरडले, सूचना अजून गेली न्हाई? म्हटलं, ‘धोका’ की ‘संभाव्य धोका’, हा निर्णय बाकी आहे. त्यांनी चहाचा कप भिंतीवर फोडला. म्हणाले, ती पोरगी रोज फोन करून रडायली अन् तू व्याकरण करून राहिलीस. हे अन्यायाचं आहे. व्याकरण परवाच संपलं.

घरी अब्बांना विचारलं. ते म्हणाले, भूकंपाच्या पहाटे मी गल्लीतली दारं लाथांनी बडवत गेलो. बाहर निकलो, बस. सगळे निघाले. किती रिश्टर, कुणी विचारलं नाही.

पटलं. उद्या सूचना. छोटी. लाथ मारल्यासारखी.

30 नोव्हेंबर, शुक्रवार
पाठवली. ई-मेल नको म्हणून थेट सॉफ्टवेअरच्या सूचना-खिडकीत टाकली. ‘मुलींचे फोटो, फोन, हॉस्टेलचे पत्ते आत्ता कोणीही बघू शकतो. ताबडतोब अपडेट करून घ्यावे.’ पण पुराव्याशिवाय विधान करणं बरं नव्हे. म्हणून कसं बघता येतं ते लिहिलं आणि पडताळणीसाठी एक रोल नंबर दिला. मी स्वतः तपासलेला एकच होता, दीपालीचा. तोच दिला. नाव दिलं नाही. शब्द पाळला.

फार दिवसांनी नीट जेवले.

1 डिसेंबर, शनिवार
प्रतिसाद अभूतपूर्व.

क्लासेसमध्ये अशी पद्धत आहे की सूचना-खिडकीत काहीही आलं की क्लार्क न वाचता ‘सर्व पालक’ दाबतो. सुट्टी, फी, टेस्टचे मार्क, सगळं तसंच जातं. ही पद्धत मला माहीत होती. पण ती चुकीची आहे, म्हणून मी ती हिशेबात धरली नव्हती.

दुपारपर्यंत चाकूर, उमरीहून जीपा भरून पालक आले. लाठ्या, पाइप, एकाच्या हातात जीपचा जॅक. शेषेराव सरांच्या काचा गेल्या, सरांचे पुढचे दात गेले, क्लार्क मुज्तबाचा हात मोडला. मुख्य कॉम्प्युटर वरच्या मजल्यावरून रस्त्यावर टाकला. आता त्या क्लासची माहिती जगात कोणालाही बघता येणार नाही. पूर्ण सुरक्षित झालेला हा आमचा पहिला ग्राहक.

2 डिसेंबर, रविवार
दुरुस्ती: पूर्ण सुरक्षित नव्हे. दीपालीची माहिती कॉम्प्युटर फुटायच्या आधीच चौकातल्या पोरांनी उतरवून घेतली होती. फोन थांबेचनात. तिनं मोबाइल हॉस्टेलच्या पायरीवर ठेचला. तिचा भाऊ हनुमंत रॉड घेऊन पानटपरीवर गेला आणि एकाचं डोकं फोडलं. ज्याचं फुटलं तो नुसता चुना मागायला आला होता.

संध्याकाळी तिचे वडील देविदास तिला सामानासकट घेऊन गेले.

4 डिसेंबर, मंगळवार
मन्मथ सर स्कूटरवर एकेका क्लासमध्ये गेले आणि स्वतः बटन दाबून आले. दोन ठिकाणी थोबाडीत खाल्ली. परत येऊन म्हणाले, नाझनीन, सगळ्या लातूरला एक दिवस लागला. मी म्हटलं, हो, पण सूचनेमुळे वातावरण तयार झालं होतं. ते मग म्हणाले, उद्यापासून येऊ नको. लेखी मागितलं. दिलं नाही. लेखी नाही तोवर मी नोकरीत आहे असं धरते.

6 डिसेंबर, गुरुवार
शेजारणीच्या फोनवरून दीपाली बोलली. बाबांनी बेल्टानं मारलं. म्हणतात, तूच नंबर दिला असशील, उगं कोण फोन करतंय. रविवारी साखरपुडा ठरवलाय. म्हणाली, ताई, एकदा येऊन सांगा ना, चूक मशीनची होती, माझी न्हाई. कंपनीचं माणूस बोललं तर ऐकतील. मी म्हटलं, नक्की येते. ती म्हणाली, कवा? म्हटलं, नीट तयारी करून.

7 डिसेंबर, शुक्रवार
‘चूक मशीनची होती’ हे काटेकोरपणे खरं नाही. काय बोलायचं ते लिहून काढलं. देविदासरावांना ‘भगदाड’ शब्द रागाचा वाटेल का? ‘त्रुटी’ बरा. पुन्हा लिहिलं.

अब्बा दुपारीच चपला घालून दारात उभे. आत्ता चल, एसटी मिळेल, मी येतो सोबत. समजावलं, मजकूर कच्चा आहे, तो पक्का करायला शनिवार लागेल. रविवारी त्यांच्या घरी पाहुणे, साखरपुड्याची धावपळ. लोकांच्या कार्यात आगंतुक जाऊन उभं राहणं बरं दिसत नाही. अब्बा चपला काढून आत गेले.

निश्चय पक्का. सोमवार, 10 डिसेंबर 2018, चाकूरची पहिली एसटी.