रंगवलेली बोटं

३ जून
आज संग्रहालयात रुजू झालो. खोली झकास आहे. मोठ्या खिडक्या, ऐसपैस टेबल, आणि टेबलावर माझी वाट बघत पडलेलं गुहेतलं अस्वल. हजारो वर्षांपूर्वी मेलं, पण खरी दुर्दशा माझ्या आधीच्या कारागिराने केली. हाडं कमी, डिंक जास्त! विभागप्रमुख बाईंनी आयुष्यात छिन्नी धरलेली नाही, नुसत्या उंटावरून शेळ्या हाकतात. सासूबाईंनी फोनवर विचारलं, जावईबापू आता हाडं घासणार का? हो म्हणावं, पण घासणारे हात सोन्याचे आहेत.

९ जून
अस्वलाच्या उजव्या पंजाची बोटंच सापडलेली नाहीत. डाव्यावरून बेतून प्लास्टरची केली. आमच्या धंद्यातला नियम शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो: भर घातलेला भाग जरा फिका ठेवायचा, म्हणजे खरं कुठलं आणि आपलं कुठलं ते बघणाऱ्याला कळतं. बाईंनीही तो पहिल्याच दिवशी ऐकवला. असले नियम ज्यांना रंग जुळवता येत नाही त्यांनी काढलेले. नाचता येईना, अंगण वाकडं! मी डाग रंगवले, भेगा रंगवल्या, खाचांत माती भरली. बाईंनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाल्या, ही बोटं सापडली हे नशीबच. मी मान डोलावली. घरी येईपर्यंत हसत होतो.

१४ जून
उजवी करंगळी बधिर झाली आहे, पांढुरकीही दिसते. डॉक्टरने मलम दिलं. त्या ठोंब्याला हाडांतलं माझ्याइतकं तरी कळतं का, शंकाच आहे. बायकोने हात हातात घेतला तर तिच्या तळव्याला पांढरी पूड लागली. कामावरून आल्यावर हात धुवत जा, म्हणाली.
धुतले होते.

१७ जून
कपाट लावताना करंगळीचं टोक तुटलं. रक्त नाही. आत पांढरं, कोरडं, एकही बुडबुडा नाही. मी कालवलेलं प्लास्टर मी ओळखतो.
टोक चिकटवलं. एव्हाना पाचही बोटं पांढरी झाली आहेत. पाचही रंगवली. कातडी, नखांचा गुलाबी, सांध्यांवरच्या सुरकुत्या. सासूबाई आल्या आहेत, म्हणाल्या, जावईबापूंचे हात किती छान! यांना कशातलं काय कळतंय? हसू आलं. मग रडू आलं.

२० जून
अस्वलाच्या पंजावरचा रंग खरवडायला गेलो. खाली प्लास्टर नाही. घासलं की जळक्या नखाचा वास येतो. हाड आहे.
बाईंना सगळं कबूल केलं, ही बोटं माझी, मी केलेली. त्यांनी कपची काढून तपासली. अस्सल निघाली. माझ्याकडे त्यांनी अशा नजरेने पाहिलं— मी लोकांकडे बघतो तशा. म्हणाल्या, इतकं सुंदर काम तुमच्या हातून होईल तरी का?

२२ जून
सापळा काचेत बंद झाला. किल्ली बाईंकडे.
डाव्या हाताने लिहितोय. उजवा कोपरापर्यंत गेला. रोज रंगवतो— रंग पुरत नाही— भीती वाटते. फार भीती वाटते.

२३ जून
बायकोला कातडीच्या रंगाची डबी सापडली. सगळं सांगितलं तिला. ती म्हणते, खरवडून बघू, खाली तुझा हात असेलच ना.
उजवा हात तिच्या मांडीवर आहे. ती कानशीने घासतेय. दुखत नाही. रंग गेला— पांढरं— अजून पांढरंच—
रडत म्हणतेय, आणखी थोडं आत.
नको म्हणतोय मी. आतही मी नसलो तर—
डावी करंगळी बधि—